एक टेबल, दोन फोन आणि मामांची एफडी

मामांची एफडी मोडली मंगळवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी. ही वेळ मला पाठ झाली आहे, कारण नंतर ती प्रत्येक कागदावर लिहून द्यावी लागली.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, हायस्कूलचे निवृत्त मास्तर. पोरांना गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. दोन दिवस तोतया पोलिसांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर धरून ठेवलं होतं. पलीकडे खाकी वर्दी, मागे अशोकस्तंभ, टेबलावर झेंडा. "तुमच्या आधारवर सिमकार्ड निघालंय, मनी लाँडरिंगची केस आहे, कुणाला सांगितलंत तर घरच्यांनाही उचलू." मामी संध्याकाळी दिवा लावायला उठल्या तरी मामा आधी त्या फोनला विचारत होते. तिसऱ्या दिवशी स्वतः बँकेत गेले, सुवाच्य अक्षरात आरटीजीएसचा फॉर्म भरला आणि ९ लाख ८० हजार पाठवून घरी आले.

मला कळलं संध्याकाळी सहाला. मामींचा फोन, "अगं, हे जेवंनात बघ. ये की जरा."

आम्ही जवळच्या ठाण्यात गेलो. तिथून दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडे सायबरचं काम बघणारे साहेब कोर्टाच्या कामाला गेलेले. एका कोपऱ्यातल्या टेबलावर हवालदार मॅडम होत्या. त्यांनी मामांना आधी पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "ताई, तक्रार मी लिहून घेते, तुम्ही आधी १९३० लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. एक मिनिट घालवू नका." टेबलावर दोन फोन, त्यातला एक त्यांचा स्वतःचा, चार्जरला लावलेला. काचेखाली बँकांच्या नोडल अधिकाऱ्यांचे, म्हणजे अशा तक्रारी बघणाऱ्या माणसांचे, नंबर पेनने लिहून सरकवलेले, काही खोडून शेजारी नवे लिहिलेले. शेजारी दोरीने बांधलेल्या फायलींचा ढीग, जवळजवळ खिडकीपर्यंत. त्या बाई रात्री साडेनऊपर्यंत आमच्यासाठी थांबल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि म्हणूनच ही पोस्ट लिहिते आहे.

मी एका पतसंस्थेत सतरा वर्षं काउंटरवर आहे. पैसा कसा फिरतो ते रोज बघते. सकाळी गेलेले पैसे संध्याकाळपर्यंत चौदा खात्यांत वाटले गेले होते. पहिलं खातं परराज्यातल्या एका कॉलेजच्या पोराच्या नावावर. भाड्यानं दिलेलं खातं. हातात लागले फक्त १ लाख ७० हजार, तेवढे होल्ड झाले.

"पोलीस काही करत नाहीत" असं म्हणून विषय संपवायला मी तयार नाही. देशपातळीवर काम झालेलं आहे आणि ते चांगलं आहे. केंद्रीय गृहखात्याच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राला, म्हणजे आय-फोर-सीला, २०१८ साली मंजुरी मिळाली, जानेवारी २०२० मध्ये उद्घाटन झालं. तक्रारीचं राष्ट्रीय पोर्टल ऑगस्ट २०१९ चं. १९३० नंबरमागची व्यवस्था २०२१ पासून चालू आहे (तेव्हा नंबर १५५२६० होता). तुम्ही तक्रार दिली की ती थेट बँकेच्या स्क्रीनवर जाते. पैसे खात्यात असतील तर बँक अडवते, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवते. दिल्लीत बँका, टेलिकॉम कंपन्या आणि पोलीस एकाच ठिकाणी बसतील असं केंद्रही २०२४ मध्ये सुरू झालं. जुलै २०२५ पर्यंत या वाटेनं १७ लाखांहून जास्त तक्रारींत मिळून ५,४८९ कोटी रुपये वाचल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. मामांचे १ लाख ७० हजार वाचले तेही याच वाटेनं.

पण त्याच संसदेत दिलेला दुसरा आकडा बघा. २०२३ मध्ये लोकांचे ७,४६५ कोटी गेले. २०२४ मध्ये २२,८४५ कोटी. एका वर्षात तिप्पट. आणि राज्यांना सायबर प्रयोगशाळा, प्रशिक्षण, सल्लागार यांच्यासाठी महिला आणि बालकांविरुद्धच्या सायबर गुन्ह्यांच्या योजनेतून केंद्रानं दिलेले पैसे किती? सगळ्या राज्यांना मिळून १३० कोटींच्या आसपास. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला त्या काचेखालचे खोडलेले नंबर आठवले.

पोलीस हा राज्यसूचीतला विषय. त्यामुळे दिल्लीतलं केंद्र समन्वय करतं, पण गुन्हा नोंदवणं, तपास, पंचनामा, आरोपी आणणं, चार्जशीट, हे सगळं शेवटी जिल्ह्यातल्या माणसालाच करावं लागतं. महाराष्ट्रानं नवी मुंबईत महापे इथं ८३७ कोटींचा सायबर प्रकल्प उभा केला, १९४५ हेल्पलाइन दिली. चांगलं केलं. पण महाप्यातून कोल्हापूरच्या टेबलापर्यंत काय पोचलं, हे मला जाणून घ्यायचं आहे.

एक गोष्ट तर फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७८ सांगतं, या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा. आधी ही अट डीवायएसपींची, म्हणजे उपअधीक्षकांची होती, २००८ च्या दुरुस्तीनं ती पीआयपर्यंत, म्हणजे निरीक्षकापर्यंत खाली आणली. तेव्हा देशात यूपीआय नव्हतं, भाजीवालीकडे क्यूआर कोड नव्हता. आज दर आठवड्याला लोक रांगेत उभे राहतात आणि तपासाची सही करायचा अधिकार ठाण्यातल्या एकदोघांना. तो अधिकारी मोर्चाच्या बंदोबस्ताला गेला, कोर्टात गेला, की फायली तिथंच. निरीक्षकाच्या खालच्या फौजदार मंडळींमध्ये इंजिनीअर झालेली तरुण पोरं आहेत. त्यांना प्रशिक्षण देऊन तपासाचा अधिकार द्या. यासाठी संसदेला एक दुरुस्ती करावी लागेल, बाकी काही नाही.

दुसरं म्हणजे बदल्या. त्या हवालदार मॅडम दीड वर्षात हे काम शिकल्या होत्या. कोणत्या बँकेला कसा मेल टाकला की दहा मिनिटांत उत्तर येतं, हे त्यांना तोंडपाठ. मागच्या महिन्यात त्यांची बदली झाली. नव्या माणसाला मी मामांची केस पहिल्यापासून सांगितली. आपण हार्ट सर्जनला उद्यापासून दातांच्या ओपीडीत बसवत नाही. केंद्रानं पाच वर्षांत ५,००० सायबर कमांडो तयार करायचं ठरवलं आहे. ते तयार झाल्यावर याच जागी टिकतील याची हमी कोण देणार?

ब्रिटननं हे तीन थरांत बसवलंय. वर नॅशनल क्राइम एजन्सीचं राष्ट्रीय सायबर युनिट (२०१३ पासून), मध्ये विभागीय युनिटं, आणि इंग्लंड-वेल्सच्या ४३ पोलीस दलांपैकी प्रत्येकात स्वतःचं सायबर युनिट. सिंगापूरच्या पोलिसांनी २०१९ मध्ये फसवणूकविरोधी केंद्र काढलं आणि बँकांची माणसं आणून पोलिसांच्या शेजारी बसवली. छोटा देश आहे, मान्य. पण आपल्याकडेही परिक्षेत्राची, म्हणजे काही जिल्ह्यांचे पोलीस एका अधिकाऱ्याखाली असण्याची, रचना आहेच. विशेष पोलीस महानिरीक्षकांचं कार्यालय कोल्हापुरात आहे. तिथं चोवीस तास चालणारी एक खोली, त्यात जिल्हा बँकेपासून राष्ट्रीयीकृत बँकांपर्यंत प्रत्येकाचा एकेक माणूस, हे अवघड आहे का?

आणि हे कोल्हापूरला नवीन नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. तेव्हा आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही बनावट कार्डांनी पैसे काढले गेले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टात ११ जणांना शिक्षा झाली. म्हणजे पोलिसांना माणसं आणि वेळ दिला की ते गुन्हा शेवटापर्यंत नेतात. मास्तरांच्या ९ लाख ८० हजारांसाठी तेवढी माणसं नाहीत, हीच तर तक्रार आहे.

हायकोर्टाच्या बेंचसाठी आपण चाळीसेक वर्षं भांडलो. साखळी उपोषणं केली, वकिलांनी कामं बंद ठेवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. हे मागणं त्यामानानं फार लहान आहे. निरीक्षकाखालच्या अधिकाऱ्याला तपासाचा हक्क, सायबरला शिकलेल्या माणसाला किमान पाच वर्षं तिथंच ठेवणं, आणि परिक्षेत्रात बँकांसह चोवीस तासांची खोली.

मामांचे होल्ड झालेले पैसे सुटायला कोर्टाचा आदेश लागतो, त्याची तारीख पडली आहे. त्याआधी, येत्या सोमवारी सकाळी ११ वाजता, मी जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन घेऊन जाते आहे. ज्यांचे पैसे गेलेत, थोडे असोत की फार, त्यांनी आपला तक्रार क्रमांक घेऊन या. लाज वाटून घरात बसू नका. मामा महिनाभर पेठेत कुणाला तोंड दाखवत नव्हते. काल त्यांनी निवेदनाचा कच्चा मसुदा मागून घेतला, शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि म्हणाले, "मी येतो. पहिली सही माझी घे."