‘साईड इफेक्ट शून्य’ गोचीड-इलाजाचा एकेक दावा

पाऊस पडला की आमच्या खान्देशातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरायला लागतो. कुत्र्या-मांजरांना गोचीड-पिसवांची केमिकलची औषधं देऊ नका, किडनी जाते. त्याऐवजी रोज भाकरीत लसणाच्या दोन पाकळ्या कुस्करून द्या, कडुनिंबाचं तेल लावा, टी ट्री तेल आणि कापूर खोबरेलात कालवून चोळा, पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाका. पंधरा दिवसांत एकही गोचीड दिसणार नाही आणि साईड इफेक्ट शून्य. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण यातल्या काही गोष्टींनी जनावराचा जीव जाऊ शकतो.

आधी लसूण. आपण ठेच्यात मूठभर घालतो आणि आपल्याला काही होत नाही. कुत्र्याच्या, आणि त्याहून जास्त मांजराच्या, तांबड्या पेशींना मात्र कांदा-लसणातली गंधकाची संयुगं सोसत नाहीत. पेशी फुटतात, रक्त कमी होतं. परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून कुणी तो लसणाशी जोडत नाही. धिप्पाड कुत्रा एखाद्या पाकळीने आजारी पडत नाही, त्यावरून लोक ‘आमच्याकडे चालतं’ म्हणतात. पण मेसेज रोज द्यायला सांगतो, आणि कुत्रा पाच किलोचा की तीस किलोचा हे विचारतही नाही. बरं, लसणाने गोचीड पळतो याला भक्कम पुरावा नाहीच.

टी ट्री तेलाचं प्रकरण याहून वाईट. शुद्ध तेलाने विषबाधा झालेल्या ४४३ कुत्र्या-मांजरांच्या नोंदी अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झाल्या. लाळ गळणं, अंग थरथरणं, मागचे पाय लुळे पडणं अशी लक्षणं. मांजराच्या यकृताला असे पदार्थ निकामी करणं नीट जमत नाही, आणि अंगाला लावलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. कापराने तर झटके येतात.

व्हिनेगरबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पाणी आंबट लागलं तर जनावर कमी पाणी पिईल, आणि आपल्याकडच्या उन्हात ते परवडणारं नाही.

कडुनिंबाचा दावा अर्धा खरा आहे. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची वाढ आणि कात टाकणं बिघडवतं. प्रयोगशाळेत गोचिडांवरही असर दिसतो. पण उन्हात ते काही दिवसांतच मोडतं, आणि घरोघरच्या तेलात ते किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं. मांजराला तर हे तेल लावूच नये.

आता ‘पंधरा दिवसांत एकही दिसणार नाही’. इथे मेसेजचं मूळच चुकतं, कारण तो फक्त जनावराच्या अंगाकडे बघतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीन टप्प्यांत रक्त पितो आणि दर वेळी खाली उतरतो. भरलेली मादी भिंतीच्या फटीत शिरून हजारांच्या घरात अंडी घालते. आपली जुनी धाब्याची घरं, मातीच्या भिंती, गोठ्याची दगडी जोती म्हणजे त्यांना आयती जागा. पिसवांचंही तेच: अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात नि जमिनीच्या भेगांत. तेव्हा खरा बिनऔषधी उपाय आहे तो फटी लिंपणं, गोणपाट गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकणं आणि बारीक फणी. तो मेसेजमध्ये नाही, कारण त्यात कष्ट आहेत.

यावर ‘४५ अंशांत सगळं जळून जातं’ असं उत्तर हमखास येतं. कोरड्या उन्हात पिसवांच्या अळ्या मरतात, हे खरं. तपकिरी गोचीड मात्र ऊन सोसतो. एका प्रयोगात ३८ अंशांच्या आसपास त्याच्या उष्ण प्रदेशातल्या वाणाचा ओढा कुत्र्याकडून माणसाकडे वळलेला दिसला.

राहिलं ‘केमिकल’. पिसवांच्या गोळीतलं स्पिनोसॅड मातीतल्या जीवाणूपासून मिळतं. शेवंतीच्या कुळातल्या फुलापासून पायरेथ्रम निघतं, आणि त्याच्या धर्तीवर बनवलेलं परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराला मारतं. मग नैसर्गिक कशाला म्हणायचं? औषधांना धोका नाही असंही नाही. फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर यांसारख्या गोचीड-पिसवांवरच्या गोळ्यांनी काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. म्हणून आधी झटके आलेले असतील तर डॉक्टरांना सांगायचं, आणि जनावराचं वजन करूनच गोळी द्यायची.

रसायनांची भीती घालायचीच तर एका गोष्टीची घालायला हवी होती, आणि तिच्यावर मेसेज गप्प आहे. कपाशीवर मारून उरलेलं प्रोफेनोफॉस किंवा क्लोरपायरिफॉस बादलीत टाकून त्याच पाण्याने कुत्र्याला, वासराला आंघोळ घालणारे आपल्या गावांत आहेत. गोचीड मरतात, हे खरंच. पण तेच विष कातडीतून नि चाटून जनावरात जातं. लाळ, थरथर, आणि कधी सकाळपर्यंत खेळ संपलेला. रॉकेल लावणं किंवा अगरबत्तीने चटका देणं हेही तसंच टाळायचं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा. उघड्या बोटांनी चिरडायचा नाही.

आणि गोचीड झालेला कुत्रा जेवण सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं किंवा लघवी गडद होते, तेव्हा तेल शोधत बसू नका. ही एर्लिकिया किंवा बबेसिया या गोचिडांतून पसरणाऱ्या रक्ताच्या आजारांची लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या.