तलवार उपसली म्हणून गोष्ट थांबायला नको

(पुढे काही गेमच्या कथा उघड होणार आहेत. खेळायचे बाकी असतील तर आधी खेळून या.)

ज्यांनी जत्रेत बसून दशावतार पाहिलाय त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमच्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्रभर दशावतार चालतो. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, भूमिका ठरतात, आणि संवाद नट उभ्याउभ्या रचतात. रंगमंचावर एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग, झांज. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की आधी युद्ध होतं ते शब्दांचं: कोणाला काय वर मिळालाय, कोणी कोणाचा अपमान केलाय. मग तलवारी निघतात. मृदंग चढतो, दोघं गिरक्या घेतात, आणि राक्षस माजलाय, दमलाय की आतून घाबरलाय हे त्या गिरक्यांवरून शेवटी बसलेल्या आजीलाही कळतं. माझ्या आजोळचे एक मामा राक्षसपार्टी करायचे. ते म्हणायचे, "लढाई लागली म्हणान गोष्ट थांबता काय? थयच तर ती पुढे जाता."

फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे अद्भुत जगातलं एक पात्र होऊन खेळायचे गेम, मी मनापासून खेळते, आणि तिथे बरेचदा नेमकं उलटं होतं. गोष्ट थांबते, लढाई होते, पडलेला माल गोळा करायचा, मग गोष्ट पुन्हा सुरू. जणू दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून दोन गेम केलेत. 2011 चा स्कायरिम मला अतिशय आवडतो, त्याचे डोंगर आणि त्याचं संगीत अजून सुटत नाही. पण ड्रॅगन मारून आलेल्या माणसावर रस्त्यातला फाटका दरोडेखोर बेधडक धावून येतो, तेव्हा त्या ड्रॅगनची किंमत शून्य होते. लढाईला मी काय आहे हे माहीतच नसतं.

या दुराव्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 1997 चा फायनल फॅन्टसी ७. त्यात लढताना सोबती पडला तर फिनिक्स डाउन नावाची वस्तू वापरून त्याला उठवता येतं. कितीही वेळा. आणि मग कथेत सेफिरॉथ हा खलनायक आपल्या सोबतिणीला, एरिथला, मारतो, आणि ती मेलेलीच राहते. खिशात फिनिक्स डाउन असतात आणि त्यांना हात लावायची सोय नसते. लोक यावरून पंचवीसहून जास्त वर्षं वाद घालतायत, आणि तो वाद रास्त आहे.

पण त्याच गेमने पुढच्याच क्षणी काय केलंय ते बघा. एरिथ गेल्यावर लगेच जेनोव्हा नावाच्या राक्षसी शत्रूशी लढाई सुरू होते आणि मोठ्या शत्रूसाठीचं नेहमीचं दणदणीत संगीत वाजतच नाही. एरिथची धून चालू राहते. तुम्ही वार करताय, आकडे उडतायत, आणि कानात तीच. त्या लढाईत तुम्ही जिंकायला लढत नाही, रडत रडत लढता. एका धुनेने लढाई पुन्हा गोष्टीत आणली.

डार्क सोल्सबद्दल (हाही 2011 चाच) लोक फक्त 'अवघड आहे' एवढंच बोलतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यात सिफ नावाचा प्रचंड लांडगा आहे. आपल्या मेलेल्या धन्याची, आर्टोरियसची, कबर राखतो. तोंडात धन्याची तलवार धरून लढतो. मार खाऊन खाऊन तो शेवटाला आला की लंगडायला लागतो. वार करायला जातो आणि कोलमडतो. कोणी एक शब्द बोलत नाही. तुमच्या हातात मात्र अजून बटण आहे, आणि ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आधी गेमचा नंतर आलेला विस्तारित भाग खेळून तुम्ही लहानग्या सिफला वाचवलेलं असेल तर तो लढण्याआधी तुम्हाला हुंगतो, ओळखतो. आणि तरी लढतो. हे कुठल्या सिनेमाला जमणार नाही, कारण सिनेमात तो वार तुमच्या हातून होत नाही.

कोकणातल्या माणसाला सगळ्यात जवळचा वाटेल तो प्रसंग 2015 च्या द विचर ३ मध्ये आहे. एक बॅरन दारू पिऊन बायकोला मारतो. तिचा गर्भ पडतो, आणि विधी न करता, नाव न ठेवता पुरलेलं ते अर्भक भूत होऊन उठतं. गेराल्ट, म्हणजे आपण खेळतो तो राक्षस मारणारा नायक, त्याला सरळ मारू शकतो. किंवा बापाला सांगू शकतो, की उचल, कडेवर घे, उंबऱ्याशी पूर आणि नाव दे. दुसरा मार्ग धरलात तर वाटेत पिशाच्चं चाल करून येतात, ते भूत बापाच्या हातात चवताळतं, आणि तुम्हाला त्याला शांत करत करत लढावं लागतं. ज्याला मारायला आलात त्यालाच राखायचं!

आमच्याकडे राखणदाराशी, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीशी, कोणी तलवार घेऊन भांडत नाही. गाऱ्हाणं घालतात. कोणाचा मान द्यायचा राहिलाय, कुठे चुकलंय ते विचारतात, नारळ ठेवतात, आणि जमलेली माणसं 'व्हय महाराजा' म्हणतात. बॅरनने केलं ते मला परकं वाटलंच नाही.

2023 च्या बाल्डर्स गेट ३ मध्येही शब्दांना अशी धार आहे. यर्गिर नावाच्या सैतानाला बोलण्यात गुंतवून स्वतःचाच जीव घ्यायला लावता येतं. बोलणं पटलं की नाही हे गेम फासे टाकून ठरवतो, म्हणून फासे मात्र साथीला हवेत.

कोणी म्हणेल, गोष्टच हवी तर पुस्तक वाच. वाचतेच. पण मला मारामारी कमी नकोय, मला ती बोलकी हवी. 1999 च्या प्लेनस्केप टॉरमेंटचं लेखन अप्रतिम आणि लढाया कंटाळवाण्या. तिथेही माझी तक्रार हीच आहे.

पुण्यात बनलेल्या 2020 च्या राजी या गेमने सुरुवात चांगली केली आहे. त्याची नायिका राजी सर्कशीतली मुलगी, म्हणून खांबाला गिरकी घेऊन, भिंतीवर धावून लढते. तिचं पूर्वायुष्य तिच्या उडीत दिसतं. कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेत. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, चित्रकथी, कळसूत्री आजही जपून आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 ची पद्मश्री मिळाली. एवढं सगळं हाताशी असताना कोकणातला राखणदार, त्याचा राहिलेला मान, आणि लढायचं की गाऱ्हाणं घालायचं हा निर्णय, यावर गेम का होऊ नये? चुकीचं गाऱ्हाणं घातलं तर लढाई अंगावर यावी, आणि त्या लढाईत तो नेमका कशावर रागावलाय ते त्याच्या प्रत्येक वारातून कळावं.

कोणी असं काही करायला घेत असेल तर मला मेसेज करा. कोडिंग मला येत नाही, पण मालवणी संवाद आणि गाऱ्हाणी लिहून द्यायला मी तयार आहे, पैसे नकोत.