ब्रीचा वास आणि गौडावरचे ठिपके: 1 स्टारच्या अभिप्रायाला दुकानातून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला, फोटो मोठे करून पाहिले. शनिवारी आमच्याकडून ब्री हे मऊ चीज आणि जुना गौडा हे कडक चीज नेलात, पुढच्या शुक्रवारी मुलाच्या वाढदिवसाला काढलात. ब्रीला फिनाइलसारखा वास, गौडावर बुरशीचे पांढरे ठिपके, चव रबराची. सगळं कचऱ्यात, 1,150 रुपये पाण्यात, आणि दुकानात कुणी धड काही सांगितलं नाही.

ब्रीची चूक आमची. तो वास अमोनियाचा, पार्लरमध्ये केसांच्या डायला येतो तोच. ब्रीवरची पांढरी साल म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी. ती चीज बाहेरून आत पिकवत नेते, त्यात प्रथिनं फुटतात आणि थोडा अमोनिया सुटतोच. कागदात गुंडाळलं तर तो उडून जातो. आम्ही शनिवारच्या गर्दीत क्लिंग फिल्ममध्ये करकचून बांधून दिलं, तेही पिकत आलेला तुकडा. 'कधी खाणार?' एवढं विचारलं असतं तर कोवळा दिला असता. हलका वास असेल तर उघडून अर्धा तास ठेवल्यावर जातो, पण तरीही नाकात झोंबत असेल तर टाकायचंच. तुम्ही टाकलंत, बरोबर केलंत. ब्रीचे पैसे परत घ्या किंवा नवा तुकडा, तुम्ही म्हणाल तसं.

गौडाचं मात्र मला पटत नाही. तुमच्या दुसऱ्या फोटोत कापलेल्या बाजूवर, अगदी मधोमध, जाड्या मिठासारखे दाणे दिसतात. बुरशी सहसा वरून धरते, तिला लव असते, बोटाने पुसली जाते. हे दाणे टायरोसिनचे, म्हणजे एका अमिनो आम्लाचे खडे. चीज महिनोन्‌महिने मुरलं की आतच तयार होतात आणि दाताखाली कुरकुरतात. जुना गौडा मागणारी निम्मी गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात हो! म्हणून याचे पैसे परत देत नाही. आणि उद्या खरीच बुरशी दिसली तरी गौडासारखं कडक चीज अख्खं टाकू नका. डागाभोवतीचा आणि खालचा 2.5 सेंटीमीटर भाग कापून काढा, सुरी बुरशीला लागू न देता. मऊ चीजवर नको ती बुरशी आली तर मात्र कीव करू नका.

रबराबद्दल. फोटोत स्टीलच्या ताटावर दव साचलंय, म्हणजे फ्रिजमधून थेट टेबलावर. गार चीजमधली चरबी घट्ट असते, चव जिभेवर येतच नाही. पुस्तकांत 'तासभर आधी काढा' असं असतं, पण तो तास थंड देशांतल्या खोल्यांचा. एप्रिलच्या पुण्यात ब्रीला 20 मिनिटं पुरतात, नाहीतर ताटभर पसरते. गौडाला अर्धा तास द्या.

फ्रिजच्या दारात ठेवत असाल तर तेवढं बदला. दार दिवसभर उघडमीट होतं, चीजला ती गार-गरम धावपळ सोसत नाही. बटर पेपरमध्ये सैलसर गुंडाळून, डब्यात, भाजीच्या कप्प्यात. चिरलेला कांदा जवळपास नको, चीज त्याचा वास ओढून घेतं.

आणखी एक, न विचारता सांगतो. ब्रीचं टोक आडवं छाटलेलं दिसतंय. केकसारखे उभे काप केले की प्रत्येकाला मधलं मऊही मिळतं आणि सालही. तुमच्या घरी शेवटच्या पाहुण्याच्या वाट्याला नुसती साल आली असणार.

सोमवारपासून दुकानात बटर पेपर आला आहे, आणि प्रत्येक पुडीवर 'कधीपर्यंत खा' हे हाताने लिहितो. पावती नसली तरी चालेल, हा अभिप्राय मोबाइलवर दाखवा. गुरुवारी दुकान बंद असतं.