मिळकतकराचा वाद आणि आमच्या काउंटीचा दाखला

पुण्यात मिळकतकराचा विषय निघाला की दुसऱ्या मिनिटाला अमेरिका येतेच. "तिकडे टॅक्स घेतात तसा मोबदलाही देतात," असं कुणीतरी ठणकावतं आणि बाकीचे माना डोलावतात. 40 टक्के सवलतीच्या घोळानंतर तर हे फारच वाढलंय. स्वतः राहत असलेल्या घराला 1970पासून मिळणारी सवलत 2019नंतर अनेकांची गेली, 2023मध्ये सरकारने ती पुन्हा दिली, आणि ज्यांची गेली होती त्यांना पीटी-3 अर्ज भरायला रांगेत उभं केलं. राग रास्तच आहे. पण दाखला आमचा देता, तर तो पुरता द्या.

आमचं म्हणजे अमेरिकेच्या इंडियाना राज्यातली बार्थोलोम्यू काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). वस्ती साधारण 82 हजार, मुख्य गाव कोलंबस. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं मुख्यालय इथलं आणि 1962पासून कंपनी पुण्यातही, त्यामुळे कोथरूडच्या निम्म्या सोसायट्यांमध्ये कुणाचा ना कुणाचा भाचा किंवा जावई इथे सापडतो.

इथे घराचा कर बाजारभावाच्या धोरणाने ठरतो. कमाल मर्यादा इंडियानाच्या राज्यघटनेतच आहे: स्वतः राहत असलेल्या घराला मूल्याच्या 1 टक्का, भाड्याने दिलेल्या घराला 2, दुकान-कारखान्याला 3. दोन हप्ते, 10 मे आणि 10 नोव्हेंबर. आता गंमत पाहा, ती 1 टक्क्याची मर्यादा आपोआप लागत नाही. होमस्टेडची, म्हणजे हे माझं राहतं घर अशी, नोंद काउंटी ऑडिटर या अधिकाऱ्याकडे व्हावी लागते. खरेदीच्या कागदपत्रांत तो रकाना भरायचा राहिला तर तुम्ही 2 टक्क्यांच्या गटात जाता आणि वजावटही जाते. म्हणजे 3 लाख डॉलरच्या घराला 3 हजारांऐवजी 6 हजारांपर्यंत कर. हा आमचा पीटी-3च म्हणा. अर्ज राहिला म्हणून सवलत जाण्याचा जाच दोन्हीकडे आहे, एवढं तरी मान्य करा.

नव्या घराची फसगत तर त्याहून वाईट. मूल्यांकन 1 जानेवारीचं आणि बिल पुढच्या वर्षी. त्या जानेवारीत प्लॉट मोकळा असेल तर पहिलं बिल फक्त जमिनीचं, अगदी किरकोळ. बँक त्यावरून दरमहाचा एस्क्रो, म्हणजे करासाठी कर्जाच्या हप्त्यासोबत बाजूला काढायची रक्कम, ठरवते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं की एस्क्रोत खड्डा पडतो. तो भरून काढायला बँक दरमहाचा हप्ता वाढवते आणि मागची तूटही त्यातच वसूल करते. पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर घरखर्च बसवलेल्यांची इथे दमछाक होते.

मूल्यांकन जास्त वाटलं तर फॉर्म 130 भरायचा, सहसा 15 जूनच्या आत. "शेजाऱ्याला कमी कर आहे" हा मुद्दा चालत नाही. आसपासच्या तशाच घरांचे विक्रीभाव किंवा रीतसर अप्रेझल (व्यावसायिकाने केलेलं मूल्यांकन) लागतं. आधी मूल्यांकन करणाऱ्या असेसरशी बोलणं, मग काउंटीचं अपील मंडळ, मग राज्याचं. इथे मात्र मी पुण्याला बोल लावणारच. बिलावर सर्वसाधारण कर, वृक्षकर, शिक्षण कर असे रकाने तिथेही असतात. पण इथल्या बिलावर काउंटी, टाउनशिप (काउंटीतला छोटा विभाग), शाळा, ग्रंथालय, शहर यांचा प्रत्येकाचा वेगळा आकडा असतो, मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी. टाउनशिपचा आकडा वाढला तर जाब कुणाला विचारायचा ते कळतं. पुण्यात मार्च 2022पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. जाब विचारायचा कुणाला, प्रशासकाला?

उलट बाजूही आहे. शहराच्या हद्दीबाहेर घर घेतलं तर कर कमी, पण मैलापाण्याची लाइन नाही. सेप्टिक टँक तुमची, दर तीन-पाच वर्षांनी उपसायची तुम्हीच. हे टाळलं की गाळ टाकीचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषनळ्यांत शिरतो, अंगणात पाणी वर येतं आणि पूर्ण शोषक्षेत्र नवं करायचा खर्च कित्येक हजार डॉलरवर जातो. कचरागाडीही बहुधा पैसे देऊन लावायची. पुणे महापालिकेत घेतलेल्या गावांतले लोक "टँकरचं पाणी आणि शहराचा कर" म्हणून ओरडतात, ते बरोबरच ओरडतात. इथे निदान सुविधा नाही तर शहराचा करही नाही. आरोग्यविमा, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम), पाळणाघर, दोन गाड्या हे सगळं करापलीकडे, स्वतःच्या खिशातून. किमान वेतन 2009पासून तासाला 7.25 डॉलरवर थांबलंय. गुळगुळीत रस्त्याचा फोटो पाठवताना हे कुणी लिहीत नाही.

आणि एक गोष्ट आम्हीही फोनवर सांगत नाही. 2020मध्ये इथल्या मतदारांनी शाळांसाठी, मुख्यतः शिक्षकांच्या पगारासाठी, जादा कर मंजूर केला. असा कर त्या 1 टक्क्याच्या मर्यादेबाहेरचा असतो. तो आम्हीही भरला, आनंदाने भरला, मुलं त्याच शाळांत आहेत. पण मतपत्रिका आम्हाला नव्हती. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्याला मत नाही, ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यालाही नाही, आणि भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब की मुलं इथे शाळा संपवून मतदार होतात आणि आईबाप नुसते करदाते राहतात. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशस्थ भारतीयांसाठीचा फॉर्म 6ए भरून भारतातल्या विधानसभा-लोकसभेच्या यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर व्हावं लागतं, म्हणून बहुतेकजण जात नाहीत. पुण्याच्या महापालिकेवर आम्ही इतक्या पोटतिडकीने बोलतो ते त्यामुळेही असेल. ज्या गावाला कर भरतो तिथे आमचं मत कुणी मागत नाही, आणि ज्या गावावर मत मांडतो तिथला कर अजून आईबाबाच भरतात.