‘दगडच तर आहे’ म्हणणाऱ्यांना

रविवारी सकाळी शनिवारवाड्यात जे पाहिले त्याने अंगाचा तिळपापड झाला, आणि तो संताप अजून उतरलेला नाही. जोत्यांवर तिरपे ऊन पडते ते सकाळी थोडाच वेळ. तेवढ्या वेळात घडीव दगडांच्या कडा, पायऱ्यांची झीज आणि छिन्नीचे घाव उठून दिसतात. ऊन वर चढले की सगळे सपाट होऊन जाते. अशा वेळी मी एका जोत्याच्या पायरीसमोर कॅमेरा लावून थांबले असताना प्री-वेडिंगवाल्यांचा लवाजमा तिथे येऊन थडकला. नवरा, नवरी, मेकअपवाली, दोन फोटोवाले, एक पोरगा आणि कपड्यांच्या बॅगा. बॅगा थेट जोत्यावर आदळल्या गेल्या. त्यानंतर त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, “काकू, जरा बाजूला व्हाल का? तुम्ही फ्रेममध्ये येताय.”

मी बाजूला झाले. जागा सर्वांची आहे, हे मलाही कळते. पण वारा सुटला, रिफ्लेक्टरचा स्टँड डगमगू लागला, तेव्हा त्या पोराने जोत्याच्या कडेचा एक सुटा झालेला घडीव दगड दोन्ही हातांनी हलवून काढला आणि स्टँडच्या पायावर ठेवला. दगड निघाला तिथे ओलसर मातीची चौकोनी खाच उघडी पडली आणि तिच्यातून मुंग्या बाहेर आल्या. मी ओरडले. दगड होता तिथे परत ठेव, असे बजावले. त्यावर तो पोरगा गांगरला, पण त्याचा साहेब शांतपणे म्हणाला, “अहो काकू, दगडच तर आहे.”

दगडच तर आहे! या वाड्याचे दगडाखेरीज दुसरे उरले आहे तरी काय? 1730 साली थोरल्या बाजीरावांनी पाया घातला, 1732 साली वास्तुशांत झाली, आणि वाड्यासाठी चिंचवडच्या खाणीतून दगड, जुन्नरच्या जंगलातून साग आणि जेजुरीहून चुना आला असे सांगतात. त्यातला साग 27 फेब्रुवारी 1828 रोजी लागलेल्या आगीत कित्येक दिवस जळत राहिला. गणपती रंगमहाल गेला, आरसेमहाल गेला, नाचाचा दिवाणखाना गेला, वरचे सगळे मजले गेले. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1839 साली, युरोपात छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला. म्हणजे उभ्या वाड्याचा एकही फोटो जगात नाही आणि कधी मिळणारही नाही. कॅमेऱ्याला टिपता येईल असे जे काही आहे ते म्हणजे तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि ही जोती. कुठली खोली किती रुंद होती, कुठल्या दालनातून कुठे जाता येत होते, हे जे थोडेफार समजते ते या दगडांच्या जागांवरून समजते. दगड हलला की तेवढा वाडा पुसला गेला. आणि ज्या माणसाचे पोट कॅमेऱ्यावर चालते, त्यानेच हे मला हसून सांगावे?

प्राचीन स्मारकांचा कायदा 1958 सालचा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे मी त्यांना सांगितले. नवरीने वैतागून घड्याळ पाहिले. दगड शेवटी मीच उचलून खाचेत बसवला. तो पूर्वीसारखा बसला नाही, एका कोपऱ्यात बोटभर फट राहिली.

आणि एकदा बोलायलाच लागले आहे तर बाकीचेही ऐकाच. हजारी कारंज्याचे ते सोळा पाकळ्यांचे कमळ, सवाई माधवरावांच्या बाळपणी त्यांच्यासाठी बांधलेले म्हणून ज्याची ख्याती आहे, त्यात उतरून रील करणारे मला डोळ्यांसमोर नको आहेत. किल्ली घेऊन भिंतीवर बदाम कोरणाऱ्यांविषयी लिहिताना माझा हात थरथरतो. दिल्ली दरवाजाच्या आतल्या भिंतींवर जुन्या चित्रांचे पुसट अंश आहेत, ते पाहायला कोणी मान वर करत नाही. पण त्याच भिंतीला चपलेचा तळवा टेकवून फोटो काढणारे पायलीला पन्नास.

भुताचे व्हिडिओ करणाऱ्यांचा तर मला मनस्वी तिटकारा आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी गारद्यांनी नारायणरावांना याच वाड्यात तोडले. विशीसुद्धा न गाठलेला मुलगा होता तो. त्याची शेवटची हाक म्हणून लोकांच्या तोंडी असलेले शब्द पार्श्वसंगीतासह वाजवायचे, रात्री बंद दरवाजाबाहेर टॉर्च हनुवटीखाली धरून कुजबुजायचे आणि त्यावर पैसे मिळवायचे, याला काय म्हणावे? एका खुनाची यांनी जत्रा करून टाकली आहे.

घरच्यांचीही तीच तऱ्हा. मी फोटो दाखवले की पहिला प्रश्न येतो, “यात माणूस कुठे आहे? नुसती जोतीच?” दुसरा येतो, “तिथे पाहण्यासारखे आहे काय?” अरे, तटावर चढून खाली पाहा. सगळ्या वाड्याचा आराखडा पायाखाली मांडलेला दिसतो, चौक, हौद, पाण्याच्या वाटा, सगळे. पण तटावर चढणारे पाठ फिरवून उभे राहतात आणि हात लांब करून स्वतःचेच तोंड टिपतात.

सर्वांत जास्त चीड मला ज्याची येते ते मात्र घरबसल्या केले जाते. दिल्ली दरवाजाचा फोटो घ्यायचा, संगणकावर त्याचे खरे आकाश कापून टाकायचे आणि दरवाजामागे भगवा-जांभळा सूर्यास्त चिकटवायचा. हा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळाभर त्याच्या दर्शनी बाजूला ऊन लागत नाही. सूर्य मागे दक्षिणेकडून जातो आणि दारावरचे हत्तीला अडवणारे खिळे सावलीत बुडतात. त्या खिळ्यांवर उजेड हवा असेल तर मे-जूनमधली सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी लागते, ढगांशी झगडावे लागते, एकेका वर्षी ते जमतही नाही. आम्ही तो उजेड मिळवण्यासाठी वाट पाहायची, आणि यांनी दक्षिणेला सूर्य मावळवायचा! असल्याच एका फोटोखाली मी दिशेची चूक लिहिली, तर उत्तर आले की कलेत एवढे चालते. मुळीच चालत नाही. पुढच्या फोटोखालीही मी तेच लिहिणार आहे.