शासनाचे आडनाव

माझा प्रबंध विद्यापीठाच्या प्रबंध विभागाने परत केला, तो रोजगार हमी योजनेविषयी मी काही चुकीचे लिहिले म्हणून नव्हे, तर महाराष्ट्र शासनाला आडनाव नाही म्हणून. १९७२ च्या दुष्काळाकडे किंवा मी डोळे फोडून केलेल्या सारण्यांकडे तिथे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. त्या विभागात प्रबंध मागून उघडतात, आणि मागे संदर्भसूची असते.

ही सूची मी झोटेरो या सॉफ्टवेअरकडून करून घेतली होती. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार होऊन २००६ साली बाहेर आलेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि संशोधन करणाऱ्याला फुकट मिळणाऱ्या गोष्टींमध्ये सल्ल्याखेरीज दुसरे फारसे काही नसल्यामुळे मला त्याचे अप्रूप होते. संदर्भ एकदा साठवला की सूचीची मांडणी एका क्लिकवर बदलता येते आणि अशा मांडणीच्या दहा हजारांहून अधिक शैली त्यात उपलब्ध आहेत, असे कोर्सवर्कमध्ये आम्हाला शिकवले गेले आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळाले.

अडचण अशी की, प्रत्येकाचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते, यावर या सॉफ्टवेअरची गाढ श्रद्धा आहे. आपल्याकडे कागदोपत्री ‘पाटील सुरेश बाबुराव’ असे नाव असेल, तर सूचीत ‘बाबुराव, पी. एस.’ उगवतात आणि मुलाच्या संशोधनाचे श्रेय वडिलांना मिळते. जागतिक आरोग्य संघटनेचे ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असे एक भारदस्त गृहस्थ होतात. माझ्या सूचीत ‘महाराष्ट्र, जी. ऑफ’ नावाचे लेखक पानोपानी होते आणि त्यांच्याइतके लेखन त्या सूचीतल्या दुसऱ्या कोणाच्याही नावावर नव्हते. शिवाय पॉडकास्ट, नकाशा, पेटंट, एवढेच काय, इन्स्टंट मेसेज नोंदवण्यासाठीसुद्धा या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा प्रकार आहे. शासन निर्णयासाठी मात्र नाही, आणि माझा अख्खा प्रबंध शासन निर्णयांवर उभा आहे. ते सगळे मी अहवालाच्या कपड्यांत बसवले, लेखकाच्या दोन रकान्यांचा एक रकाना केला, आणि अनेक संध्याकाळी खर्चून ‘महाराष्ट्र, जी. ऑफ’ यांचे पुन्हा सरळ ‘गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र’ केले.

प्रबंध विभागातले भाऊसाहेब सूचीतल्या प्रत्येक ओळीखाली फूटपट्टी धरून वाचतात. ती फूटपट्टी खाली सरकत सरकत ‘जी’ अक्षराशी आली आणि थांबली.

“मॅडम, ह्यात स्वल्पविराम नाही.”

“कशात?”

“हे गव्हर्न्मेंट ऑफ महाराष्ट्र. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. नियम सहा.”

“भाऊसाहेब, शासनाला आडनाव नसतं.”

त्यांनी चष्मा काढला आणि पहिलीतल्या मुलीकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. “असं कसं? लेखक म्हणून नाव तुम्हीच दिलंय ना?”

“दिलंय, पण ती संस्था आहे.”

“संस्था असली म्हणून काय झालं? लिहिलं की तो लेखक. आणि लेखक म्हटला की आडनाव आलं.”

या साहित्यविषयक भूमिकेवर मला काही बोलता आले नाही. मग आडनाव काय लावू, असे मी विचारले. उपहास त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. उलट ते गंभीरपणे विचारात पडले. माझ्या चौथ्या प्रकरणावर परीक्षक इतका वेळ विचार करतील, असे मला वाटत नाही. शेवटी त्यांनी शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. “बाई, गव्हर्न्मेंटचं आडनाव आपण काय धरतो?”

बाईंनी आवक नोंदवहीतून मान वर न करता सांगितले, “महाराष्ट्र.”

“आणि केंद्राचं?”

“इंडिया.”

अशा रीतीने दोन सरकारांचे बारसे उभ्या उभ्या उरकले आणि मला ‘महाराष्ट्र, गव्हर्न्मेंट ऑफ’ असे लिहून आणण्याचा आदेश झाला. मी ज्याच्याशी इतक्या संध्याकाळी झगडले, ते सॉफ्टवेअर या कार्यालयाच्या दृष्टीने मुळात माझ्यापेक्षा बरोबर होते. त्याचे फक्त पूर्ण नाव लिहायचे राहिले होते. न्यायाने सांगायचे तर, ग्रंथालयांच्या जुन्या तालिकांमध्ये आणि कितीतरी जुन्या पुस्तकांच्या संदर्भसूचींमध्ये सरकारे अशीच उलटी नोंदवलेली आढळतात, त्यामुळे बाईंनी काही मनचे सांगितले नव्हते. त्यामागचे कारण मात्र त्या खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते आणि ते विचारणे हा उद्धटपणा ठरला असता.

फूटपट्टी पुढे सरकली. “पुस्तकांची गावं कुठं गेली?”

पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशकासोबत प्रकाशनस्थळ देण्याची पद्धत एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, संदर्भशैलीच्या २०१९ सालच्या सातव्या आवृत्तीने बंद केली, हे मी त्यांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. विद्यापीठाच्या सूचनापत्रातील नियम एक ‘संदर्भसूची एपीए पद्धतीने असावी’ असाच आहे, हेही दाखवले. भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले.

“ते पत्र आलंय का आपल्याकडं?”

“कुठलं पत्र?”

“गाव काढल्याचं.”

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आमच्या प्रबंध विभागाला कळवलेले नाही, हे मला मान्य करावे लागले. “मग पत्र आल्याशिवाय आम्हाला गाव काढता येत नाही, मॅडम,” असे ते म्हणाले.

याच विभागाने त्याआधी माझा साम्य-तपासणीचा, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे पाहणारा, अहवाल परत केला होता, कारण त्यात संदर्भसूचीही मोजलेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असते, हे छापील दाखवूनही उपयोग झाला नाही. रोजगार हमीवर लिहिणारा प्रत्येक जण त्या योजनेचे जनक वि. स. पागे यांचे नाव घेणार. ते मी माझ्या स्वतंत्र शब्दांत कसे लिहावे, एवढेच मला कळत नव्हते.

खरे तर आता मला हसू येत नाही. आमच्या विद्यापीठाची शैली त्या दहा हजारांत नाही. ती झेरॉक्सच्या झेरॉक्सवर आहे, आणि तिचा पहिला नियम पुढच्या नियमांशी भांडतो. प्रवेशद्वारासमोरच्या टायपिंग सेंटरमधल्या मुलांना मात्र ती अलिखित भागासह तोंडपाठ आहे. ते पानामागे पैसे घेतात, कोणतेही सॉफ्टवेअर वापरत नाहीत, आणि त्यांनी केलेली सूची पहिल्या फेरीत मंजूर होते. आम्हाला सॉफ्टवेअर शिकवणारे आणि त्याची सूची नाकारणारे विद्यापीठ एकच आहे. या दोघांमधला हेलपाटा संशोधकाच्या खर्चाने होतो, आणि या महिन्याअखेर माझी मुदत संपली की मुदतवाढीचे शुल्कही मीच भरायचे आहे.

निघता निघता भाऊसाहेबांनी माझी वर्डची फाइल उघडली. एका संदर्भावर त्यांचा माउस पडला आणि ती ओळ करडी झाली. “हे कॉपी केलंय?” त्यांनी विचारले. सॉफ्टवेअरने घातलेला संदर्भ क्लिक केल्यावर तसा दिसतो, हे मी सांगितले. त्यावर “करडं चालणार नाही” असा निर्णय झाला. करडेपण घालवायचे, तर ‘अनलिंक सायटेशन्स’ हे बटण दाबून सगळे संदर्भ झोटेरोपासून तोडावे लागतात, आणि त्यानंतर ते त्यांना ओळखही दाखवत नाही. मी ते बटण दाबले. आता एकेका प्रकाशकाला मी हाताने त्याच्या गावी पोहोचवते आहे. दिल्लीत छापलेले ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचे पुस्तक ऑक्सफर्डला ठेवायचे की दिल्लीला, आणि १९७७ सालच्या पुस्तकाचे गाव ‘बॉम्बे’ लिहायचे की ‘मुंबई’, हे मी फोनवर विचारले, तेव्हा त्यासाठी वेगळा अर्ज करा, असे बाईंनी सांगितले.