कोट उसना चालेल, मापाचा हवा

नमस्कार. मुलाखतीच्या पोशाखावरच्या माझ्या लेखावर तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया नीट वाचली. रोख स्पष्ट आहे: वैद्यकीय, कायदा किंवा व्यवस्थापनाच्या प्रवेशाची मुलाखत द्यायला निघालेल्या मुलांना मी कपड्यांच्या नादी लावते आहे, ज्यांच्याकडे सूट नाही त्यांना घाबरवते आहे, आणि गडद निळा नाहीतर राखाडी असं सांगून सगळ्यांना एकाच साच्यात बसवते आहे. ‘निवड डोक्याची व्हावी, कोटाची नको’ हे तुमचं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे.

समोर बसलेली माणसं डोकं पारखायलाच बसतात, पण डोळे मिटून बसत नाहीत. लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व या सगळ्यांना वेगवेगळे गुण द्यायचे होते, पण एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस बाकीच्या बाबतींतही वर चढत होता. पुढे, 2019 च्या अखेरीस, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. चेहरे तेच, फक्त कपडे बदललेले. जरा ‘श्रीमंत’ वाटणाऱ्या कपड्यांतला चेहरा लोकांना अधिक सक्षम वाटला. चित्र सेकंदाच्या आठव्या हिश्श्याएवढाच वेळ दाखवलं तरी तेच, आणि कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं बजावल्यावरही तेच.

हा अन्याय आहे, आणि तो दूर करणं हे मुलाखत घेणाऱ्यांचं काम आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तयार झालेली छोट्या छोट्या मुलाखतींची पद्धत मला म्हणूनच आवडते: दर काही मिनिटांनी खोली बदलते, परीक्षक बदलतो, आणि एकाचं पहिल्या नजरेतलं मत सगळा निकाल खेचून नेत नाही. पण पुढच्या आठवड्यात ज्याची मुलाखत आहे, त्याच्या हातात ती पद्धत नाही. स्वतःचे कपडे आहेत.

आता पैशांचं. इथे तुम्ही माझ्या लेखाचा नेमका उलटा अर्थ काढलात. महागडा सूट घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उसना घ्या, वापरलेला घ्या, पण आधी खांदे बघा. बाहीची शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. बाही आखूड करणं, कंबर आत घेणं, पँटची लांबी कमी करणं ही शिंप्याची नेहमीची कामं आहेत. खांदा दुरुस्त करणं मात्र जिकिरीचं, म्हणून खांद्यात न बसणारा कोट फुकट मिळाला तरी नको. कोट मिळालाच नाही तर इस्त्रीचा पूर्ण बाहीचा शर्ट, गडद पँट आणि पॉलिश केलेले बंद बूट पुरतात.

आणि नव्या कोटाची ती टाकेदार फुली! मागच्या चिरेवर दोऱ्याची फुली मारलेली असते, कधी बाहीवर कंपनीची पट्टी टाचलेली असते. दोन्ही घालण्याआधी उसवायची असतात. ज्याच्या घरात कोट वापरात आहे त्याला हे आई नाहीतर काका निघताना सांगतात. ज्याच्या घरात कोट पहिल्यांदाच येतोय, त्याला कोण सांगणार? कपड्यांविषयी बोलूच नका असं आपण म्हटलं, तर ज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे त्यांचं काहीच बिघडत नाही. नुकसान होतं ते तुम्ही ज्यांची बाजू घेताय त्याच मुलांचं. म्हणून मी हे इतकं बारीकसारीक लिहिते, आणि लिहीत राहणार.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने करावी. आदल्या दिवशी सगळं अंगावर चढवून आरशासमोर खुर्चीत बसावं. उभं असताना झकास दिसणारे कपडे बसल्यावर दगा देतात: पँट वर सरकून आखूड मोज्यांच्या वर पाय उघडा पडतो, शर्टाच्या दोन बटणांमध्ये फट पडते, स्कर्ट गुडघ्याच्या वर जातो, बटण न सोडता बसलं की कोट गळ्याशी फुगतो. तसंच बसून चार उत्तरं मोठ्याने द्यावीत. हात सारखा कॉलरकडे जात असेल तर तो शर्ट बदलावा.

साच्याचा मुद्दा उरला. शांत रंग मी सुचवते, कारण खोलीतून बाहेर पडल्यावर परीक्षकाला तुमचं बोलणं आठवावं, टाय नव्हे. पण पगडी, हिजाब, स्वतःचे कुरळे केस यांतलं काहीही झाकायला किंवा उतरवायला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आणि निमंत्रणपत्रात पोशाखाविषयी काही लिहिलं असेल, तर माझा लेख बाजूला ठेवून तेच पाळा.